पिस्तुलाच्या ट्रिगरवर तर्जनी कशी ठेवावी : नवशिक्या नेमबाजांसाठी

रेंजवर पहिल्यांदा आलेल्या माणसाच्या हाती रिकामे पिस्तूल दिले, की बहुतेक वेळा त्याची तर्जनी कुणी न सांगताच ट्रिगरवर जाऊन बसते, आणि तीही जशी सापडेल तशी: कुणाचे नुसते टोक टेकलेले असते, तर कुणाचे बोट सांध्यापर्यंत आत गेलेले असते. पुढे महिनोन्महिने तो उभे राहण्याची ढब बदलतो, श्वास मोजतो, साईटचे, म्हणजे नळीवरच्या नेम धरायच्या खुणांचे, स्क्रू फिरवतो, महागडी ग्रिप, म्हणजे पिस्तुलाची मूठ, मागवतो. बोट मात्र पहिल्या दिवशी जिथे बसले तिथेच राहते, कारण त्याच्याकडेही लक्ष द्यायचे असते हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते. बडोद्यात नव्या मुलामुलींना, आणि कधी कधी त्यांच्यासोबत आलेल्या आईवडिलांनाही, एअर पिस्तूल शिकवताना मला हे पुन्हा पुन्हा आढळले आहे. म्हणून हा लेख फक्त त्या एका बोटाविषयी आहे.

येथे सांगितलेले सर्व काही १० मीटर एअर पिस्तूल या प्रकाराला धरून आहे, कारण सुरुवात त्यानेच करावी असे माझे स्पष्ट मत आहे. या प्रकारात पिस्तूल एकाच हाताने धरायचे असते, छर्रा ४.५ मिलीमीटरचा असतो, पिस्तुलाचे वजन १५०० ग्रॅमच्या वर चालत नाही आणि ट्रिगरचे वजन, म्हणजे तो सुटण्यासाठी लागणारा दाब, ५०० ग्रॅमच्या खाली चालत नाही. वर्णन उजव्या हाताने नेम धरणाऱ्यांसाठी आहे; डावखुऱ्यांनी उजवे-डावे उलट करून वाचावे.

बडोद्याच्या मराठी घरांना या खेळाशी नाते सांगण्यासारखे एक कारण आहे आणि ते आमच्याच मुलांना ठाऊक नसते. १९५१ साली स्थापन झालेल्या नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडियाचे पहिले अध्यक्ष आणि लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर यांचा जन्म १८८८ साली बडोद्यात झाला. राष्ट्रीय स्पर्धेच्या वाटेवर नव्या नेमबाजाला ज्या मावळंकर स्पर्धेचे नाव ऐकू येते, ती त्यांच्याच नावाने भरते. दांडिया बाजारातून सायकलने रेंजवर येणाऱ्या एखाद्या मुलाला हे सांगितले, की त्याचा चेहरा बदलतो, हे मी पाहिले आहे.

बोट आधी बाहेर ठेवायला शिकावे

ट्रिगरवर बोट कुठे ठेवावे याच्या आधी ते कधी ठेवू नये हे शिकायचे असते. पिस्तूल टेबलावरून उचलताना, त्यात छर्रा भरताना, शेजाऱ्याशी बोलताना, थकून हात खाली घेताना तर्जनी ट्रिगरभोवतीच्या कड्याच्या बाहेर, पिस्तुलाच्या अंगाला लागून सरळ ताणलेली असावी. नळीचे तोंड लक्ष्याच्या दिशेला स्थिर झाले आहे आणि आता नेम धरायचा आहे, असा निर्णय झाल्यावरच बोट आत जाते. पिस्तूल रिकामे आहे हे स्वतः पाहिलेले असले, नळीत सुरक्षेची रंगीत दोरी घातलेली असली, तरीही हा नियम बदलत नाही. हवेचे पिस्तूल म्हणजे खेळणे, असा समज करून घेऊन येणारे पालक असतात. दहा मीटरवरून पुठ्ठा भेदणारा शिशाचा छर्रा डोळ्याचे काय करेल हे त्यांना सांगावे लागते.

मी नव्या विद्यार्थ्याला पहिला पूर्ण दिवस एवढेच करायला लावतो: पिस्तूल उचलणे, बोट बाहेर, हात लक्ष्याकडे, बोट बाहेर, मग आत, पुन्हा बाहेर, पिस्तूल खाली. हे कंटाळवाणे आहे. पण हे शंभर वेळा केल्यावर बोटाला आत आणि बाहेर या दोन वेगळ्या जागा असल्याची जाणीव होते, आणि तीच जाणीव पुढे नेमकी जागा शोधायला उपयोगी पडते.

एवढ्याशा बोटाने एवढा फरक का पडतो

दहा मीटरच्या लक्ष्यपत्रावर दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलीमीटर असतो, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा. पिस्तुलावरच्या पुढच्या आणि मागच्या साईटमधले अंतर साधारण ३२ सेंटीमीटर धरले, तर ट्रिगर दाबताना पुढची साईट मागच्या साईटच्या खाचेत अवघा एक मिलीमीटर बाजूला सरकली, की दहा मीटरवर छर्रा सुमारे ३१ मिलीमीटर बाजूला जाऊन पडतो. दहाचा फटका सातावर जातो. याउलट दोन्ही साईट एकमेकींच्या रेषेत राहून संपूर्ण हातच एक मिलीमीटर सरकला, तर छर्राही एक मिलीमीटरच सरकतो.

म्हणून हात हलतो याची भीती नवशिक्याने मनातून काढून टाकावी. सगळ्यांचाच हात हलतो. ज्याची भीती बाळगावी अशी गोष्ट म्हणजे शेवटच्या क्षणी बोटाने पिस्तुलाला दिलेला तिरका धक्का, कारण तो हात न हलवता फक्त साईटची रेषा मोडतो. ट्रिगरवर बोट ठेवण्याची चांगली जागा कोणती, याची माझी एकच कसोटी आहे: जिथून दाब दिल्यावर ट्रिगर सुटतो आणि पुढची साईट जागची हलत नाही, ती जागा.

पहिली पायरी: पकड

तर्जनीची जागा तर्जनीपासून सुरू होत नाही. ती तळहातापासून सुरू होते. डाव्या हाताने पिस्तूल नळीच्या बाजूने धरून उजवा पंजा ग्रिपमध्ये मागून सरकवावा, अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली खोबण ग्रिपच्या मागच्या भागात शक्य तितकी वर बसवावी, आणि नळी, मनगट व कोपरापर्यंतचा हात एका रेषेत येतील असे पाहावे. मधले बोट आणि अनामिका ग्रिपला समोरून सरळ मागे दाबतात. करंगळी नुसती साथ देते. अंगठा आपल्या जागी विसावतो, ढकलत नाही.

हे बसवताना तर्जनी मोकळी राहिली पाहिजे, आणि नेमकी इथेच पहिली चूक होते. माणसाचा पंजा मुठीसाठी घडलेला आहे, त्यामुळे एक बोट वाकवले की उरलेली बोटेही थोडी आवळतात. आमच्या शहरात जुम्मादादा व्यायाम मंदिरासारख्या आखाड्यांची मोठी परंपरा आहे, आणि मल्लखांबावर हात घोटवलेली मुले रेंजवर आली, की त्यांच्या बळकट पकडीचे मला कौतुक वाटते. परंतु तर्जनी वेगळी काढायला त्यांनाच सर्वांत जास्त वेळ लागतो, कारण त्यांचा पंजा पाच बोटांचा एक गट म्हणून काम करायला शिकलेला असतो. पकड हस्तांदोलनाएवढी घट्ट असावी. नख पांढरे पडत असेल किंवा पुढची साईट बारीक थरथरत असेल, तर ती जास्त झाली आहे असे समजावे. पकड कमी-जास्त कशीही ठरवली, तरी नेम धरण्याच्या सुरुवातीपासून फटक्यानंतरपर्यंत ती तसूभरही बदलू नये, हे महत्त्वाचे.

पकड बसल्यावर तर्जनीचे मुळाचे पेर, म्हणजे पंजाला जोडलेले पेर, ग्रिपच्या बाजूने स्वस्थ असावे, आणि त्याच्या पुढच्या दोन पेरांचा ग्रिपच्या लाकडाला स्पर्श होऊ नये. तिथे कागदाची एक घडी आरपार जाईल इतकी फट दिसली पाहिजे. फट नसेल, तर बोट वाकताना लाकडाला घासते, लाकूड पिस्तुलाला ढकलते, आणि ट्रिगरवर जागा कितीही अचूक निवडली तरी फटका बाजूला जातो. ग्रिप मोठी असेल तर त्या ठिकाणचे लाकूड पॉलिश कागदाने घासून कमी करावे. लहान मुलांच्या हातात मोठ्यांची ग्रिप देऊन "सवय होईल" असे सांगणारे प्रशिक्षक मी पाहिले आहेत. सवय होते, पण चुकीची होते.

दुसरी पायरी: बोटावरची जागा

तर्जनी डोळ्यांसमोर धरून टोकाच्या पेराकडे पाहावे. नखाच्या मागच्या बाजूला जो गुबगुबीत, मऊ भाग आहे, जिथे बोटाच्या ठशाची वलये असतात, त्याचा मध्य आणि पहिल्या सांध्याची रेघ यांमधल्या पट्ट्यात आपली जागा असते. सुरुवात त्या मऊ भागाच्या बरोबर मध्यापासून करावी. हवे तर बॉलपेनने तिथे एक बारीक उभी रेघ काढावी. ती रेघ ट्रिगरच्या मधोमध आली, की बोट जागेवर आहे. ही युक्ती बालिश वाटेल, परंतु पहिल्या दोन आठवड्यांत आरशापेक्षा आणि माझ्या सूचनांपेक्षा तिचाच जास्त उपयोग होतो.

हाच भाग का, याला दोन कारणे आहेत. एक म्हणजे स्पर्शाची जाण इथे सर्वांत तीक्ष्ण असते. तांदळातला खडा आपण बोटाच्या याच भागाने शोधतो, सांध्याने शोधत नाही. ५०० ग्रॅमच्या दाबातले पंचवीस-पन्नास ग्रॅम कुठे वाढले हे कळायचे असेल, तर ट्रिगर त्याच त्वचेवर टेकला पाहिजे. दुसरे कारण दिशेचे आहे. बोट दोरीसारखे सरळ मागे येत नाही. ते सांध्यांवर वाकते आणि त्याचे टोक कमानीत फिरते. मुळाचे पेर स्थिर ठेवून मधल्या सांध्यातून बोट वाकवले, आणि ट्रिगर टोकाच्या पेराच्या मऊ भागावर काटकोनात असला, तर त्या कमानीचा जो तुकडा आपल्या वाट्याला येतो तो जवळजवळ सरळ मागे, नळीला समांतर जातो. बोटाचे नुसते टोक टेकले असेल तर ते ट्रिगरला मागे नेता नेता डावीकडेही ढकलते. बोट सांध्याच्या पलीकडे गेले असेल तर ते ट्रिगरला उजवीकडे आपल्याकडे ओढून घेते.

बोट आडवे कुठे ठेवावे याची चर्चा सगळेच करतात. उभे कुठे ठेवावे याकडे कुणाचे लक्ष नसते. बहुतेक पिस्तुलांत ट्रिगर वरच्या बाजूला खिळलेला असतो आणि खालून मागे झुलतो. त्यामुळे बोट ट्रिगरच्या खालच्या भागावर असेल तर तोच ट्रिगर हलका लागतो, आणि वर सरकले तर जड लागतो, जसे दार कडीजवळ ढकलले तर सहज उघडते आणि बिजागरीजवळ ढकलले तर जोर लागतो. ट्रिगरच्या वक्राचा मध्य किंवा त्याच्या किंचित खालची जागा धरावी आणि प्रत्येक फटक्याला तीच ठेवावी. एका फटक्याला वर आणि दुसऱ्याला खाली असे होत राहिले, तर आपल्या हाती दर वेळी वेगळ्या वजनाचा ट्रिगर येतो, आणि मग बोटाला काहीच शिकता येत नाही.

नख वाढलेले नसावे. ट्रिगरच्या बोटात अंगठी नसावी. सतार शिकणाऱ्या मुलांच्या तर्जनीवर मिजराफीमुळे घट्टा आलेला असतो. तो टोकाच्या पेरावर असेल, तर त्याच्या जरा बाजूची मऊ जागा शोधावी, कारण घट्ट्याला दाब कळत नाही.

तिसरी पायरी: ट्रिगर बोटाकडे आणावा

बोट ट्रिगरपर्यंत ताणून न्यायचे, की ट्रिगर बोटापर्यंत आणायचा? नवशिक्याला दुसरा पर्याय आहे हेच ठाऊक नसते. स्पर्धेच्या पिस्तुलांत ट्रिगरची पट्टी, म्हणजे बोट टेकते तो भाग, एका छोट्या स्क्रूने सैल करून पुढे-मागे सरकवता येते, आणि बऱ्याच पिस्तुलांत ती थोडी डावी-उजवीकडे वळवताही येते. पकड पूर्ण बसवल्यावर, मनगट न फिरवता, तर्जनी सहज वाकवावी. टोकाच्या पेराचा मध्य जिथे येऊन थांबेल तिथे पट्टी आणून स्क्रू घट्ट करावा. पट्टी फार पुढे असेल तर नुसते टोकच पोहोचते. फार मागे असेल तर बोट आपोआप सांध्यापर्यंत आत जाते आणि घडी होऊन लाकडाला टेकते.

क्लबच्या पिस्तुलावर पाच-सहा जण सराव करत असतील, तर ही पट्टी प्रत्येकासाठी हलवणे शक्य नसते. अशा वेळी पट्टी मधल्या जागी ठेवून, आपल्या हाताच्या मापाच्या जवळची ग्रिप तरी मागून घ्यावी. स्क्रूला हात लावण्यापूर्वी पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून घ्यावी आणि प्रशिक्षकाला विचारावे.

ट्रिगरला सहसा दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात तो सैलसर, पण वजन घेत मागे येतो आणि एका अडथळ्यावर थांबतो. दुसऱ्या टप्प्यात तो अडथळा ओलांडताच फटका सुटतो. बरेच नेमबाज एकूण वजनाचा मोठा हिस्सा, समजा ३५० ते ४०० ग्रॅम, पहिल्या टप्प्यात ठेवतात, म्हणजे शेवटच्या क्षणी बोटाला थोडेच करायचे उरते. नवशिक्याने एकूण वजन अगदी ५०० वर न ठेवता दहा-वीस ग्रॅम जास्त ठेवावे. स्पर्धेत ट्रिगरला वजन टांगून तपासणी होते, आणि काठावरचा ट्रिगर त्या टेबलावर मनस्ताप देतो.

चौथी पायरी: दाब

मराठीत आपण "चाप ओढला" असे म्हणतो, आणि मला वाटते की निम्मी चूक या क्रियापदातच आहे. ओढणे म्हटले की मनगट येते, दंड येतो. बडोद्यात आपण दिवसभर जी गुजराती ऐकतो तिच्यात बंदुकीच्या चापालाही आणि विजेच्या बटणालाही "चांप" म्हणतात, आणि "चांपवुं" म्हणजे दाबणे. हा शब्द जवळचा आहे. फक्त विजेचे बटण आपण टचकन दाबतो, आणि ट्रिगर टचकन दाबायचा नसतो. त्याच्यावरचा दाब वाढवत न्यायचा असतो.

क्रम असा ठेवावा. पिस्तूल लक्ष्याच्या वर नेऊन हात सावकाश खाली आणताना बोट ट्रिगरवर बसवावे. हात नेमाच्या जागी पोहोचेपर्यंत पहिला टप्पा पूर्ण घेतलेला असावा, म्हणजे बोट अडथळ्यावर टेकलेले असावे. आता नजर पुढच्या साईटवर रोखावी, लक्ष्याचे काळे वर्तुळ किंचित धूसर दिसू द्यावे, आणि साईट आपल्या जागेत हलकेच तरंगत असताना बोटाचा दाब एकसारखा वाढू द्यावा. फटका नेमका कोणत्या क्षणी सुटेल हे ठरवू नये.

दृश्य अगदी परिपूर्ण दिसले की "आता!" म्हणून दाबायचे, हा मोह प्रत्येकाला होतो. पण डोळ्याने पाहिलेले मेंदूकडून बोटापर्यंत पोहोचायला सुमारे एक पंचमांश सेकंद जातो, आणि तेवढ्यात ते दृश्य निघून गेलेले असते. शिवाय घाईने दिलेला दाब एकट्या तर्जनीने दिलेला नसतो. सगळा पंजा आवळतो. म्हणून दाब साईट हलत असतानाच वाढत राहावा. पाच ते आठ सेकंदांत फटका सुटला नाही, तर बोट बाहेर काढून हात खाली घ्यावा, दोन श्वास घ्यावेत आणि पुन्हा सुरुवात करावी. न मारलेला फटका कुणी मोजत नाही. ६० फटक्यांसाठी ७५ मिनिटे मिळतात, ती त्यासाठीच असतात. हात खाली घेण्याचे धैर्य ज्या विद्यार्थ्याला पहिल्या महिन्यात येते, तो पुढे जातो असा माझा अनुभव आहे, आणि मुलांना मी त्याबद्दल दहाच्या फटक्याइतकीच शाबासकी देतो.

फटका सुटल्यावर बोट तसेच मागे दाबलेले ठेवावे, नजर पुढच्या साईटवरच ठेवावी, आणि एक सेकंद काहीही करू नये. ट्रिगर सुटला की बोट लगेच झटकून पुढे नेणारे नेमबाज छर्रा नळीतून बाहेर पडण्याआधीच पिस्तूल हलवतात.

मांज्याने कापलेले बोट

हे इथे सांगितलेच पाहिजे, कारण आमच्या शहरात ते दर वर्षी घडते. १४ जानेवारीला उत्तरायण असते, सगळे बडोदे गच्चीवर असते, आणि पतंगाचा मांजा नेमका तर्जनीवरूनच धावतो. एका वर्षी माझ्या टोकाच्या पेरावर, अगदी ट्रिगरच्या जागी, मांज्याने खोल चीर पडली. मी तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळून तिसऱ्या दिवशी रेंजवर गेलो. फटके पसरले, आणि सबंध आठवडा मी पकडीत, पायांच्या जागेत, साईटमध्ये दोष शोधत राहिलो. दोष चिकटपट्टीचा होता: तिच्या जाडीने बोट आणि लाकूड यांमधली फट बुजली होती, आणि तिच्याखालच्या त्वचेला पहिल्या टप्प्याचा शेवट कळतच नव्हता, त्यामुळे मी दर वेळी दोन्ही टप्पे एका झटक्यात ओलांडत होतो.

तेव्हापासून मी मुलांना सांगतो, की चिकटपट्टी उत्तरायणाला सकाळीच बोटाला लावावी आणि संध्याकाळी काढून टाकावी. पतंग जरूर उडवावा, पण ट्रिगरचे बोट झाकून. जखम झालीच तर ती भरेपर्यंत सराव थांबवावा. जखम चुकवण्यासाठी बोट सांध्यापर्यंत आत सरकवून सराव केला, तर जखम आठ दिवसांत बरी होते आणि सवय आठ महिने राहते.

पावसाळ्यात घामाने बोट ट्रिगरवर सरकते. खिशात कोरडा सुती रुमाल ठेवावा आणि प्रत्येक फटक्याआधी बोट व ट्रिगर दोन्ही पुसावेत.

लक्ष्यपत्रावरून बोट ओळखणे

फटके सतत डावीकडे जमत असतील, तर बोट कमी आत आहे, टोकच दाबते आहे, असा संशय घ्यावा. उजवीकडे जमत असतील, तर बोट जास्त आत गेले आहे असे समजावे. खाली-डावीकडे जात असतील, तर तर्जनीबरोबर सगळा पंजा आवळला जातो आहे. भिंतीवर टांगलेल्या तक्त्यांत हे फार ठामपणे लिहिलेले असते, आणि नवशिका त्यावर लगेच विश्वास ठेवून बोट इकडे-तिकडे सरकवू लागतो. डावीकडे जाणारा फटका तिरक्या उभे राहण्यामुळेही जातो, सैल मनगटामुळेही जातो आणि साईट मुळातच सरकलेली असली तरीही जातो.

म्हणून लक्ष्यपत्राला साक्षीदार मानावे, न्यायाधीश मानू नये. संशय आला की पिस्तूल रिकामे करून, छर्ऱ्याविना ट्रिगर दाबून पाहावे आणि सुटण्याच्या क्षणी पुढची साईट कोणत्या बाजूला उडी मारते ते पाहावे. साईट डावीकडे उडत असेल, तर दोष बोटाचा आहे. ती शांत असेल आणि फटके तरी डावीकडे जात असतील, तर बोटाला त्रास न देता कारण दुसरीकडे शोधावे. बोट सरकवायचे ठरले, तर एका वेळी दोन-तीन मिलीमीटरपेक्षा जास्त सरकवू नये, आणि नव्या जागेवर किमान तीस-चाळीस फटके झाल्याशिवाय निर्णय देऊ नये.

घरचा आणि रेंजचा सराव

पहिले काम पिस्तुलाशिवाय होते. स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक वजनकाटा टेबलावर ठेवावा, उजव्या हाताची बाकीची बोटे एखाद्या पाण्याच्या बाटलीभोवती सहज गुंडाळावीत, आणि तर्जनीच्या मऊ भागाने काट्यावर दाब देत आकडा शून्यापासून ५०० पर्यंत हळूहळू न्यावा, मध्ये न थांबता आणि उडी न घेता. मग ४०० वर नेऊन तीन सेकंद तिथेच धरून ठेवावा आणि तिथून ५०० पर्यंत जावे. बाटलीवरची बोटे आवळली जात असतील, तर बाटली लगेच कुरकुरते. रोज पाच मिनिटे पुरतात. माझ्या एका विद्यार्थिनीच्या आजींनी चहा होईपर्यंत हा प्रयोग केला आणि नातीपेक्षा अधिक संथपणे आकडा वर नेला. आयुष्यभर पुरणपोळी लाटलेल्या हाताला दाब कळतो, यात नवल नाही.

रेंजवर छर्ऱ्याविना सराव करण्यासाठी आजच्या बहुतेक एअर पिस्तुलांत वेगळी सोय असते. त्यात हवा न सोडता ट्रिगर खऱ्यासारखा सुटतो. समोर लक्ष्य लावू नये. कोऱ्या पांढऱ्या कागदाकडे पाहत पुढच्या साईटवर नजर ठेवून पंचवीस-तीस वेळा ट्रिगर सोडावा. लक्ष्य दिसत नसल्याने "आता!" म्हणण्याचा मोह उरत नाही, आणि सगळे लक्ष बोट व साईट यांच्यावर राहते. पहिल्या महिन्यात मी एका खऱ्या फटक्यामागे दोन कोरडे फटके मारायला लावतो. मुलांना ते आवडत नाही. तरीही हे प्रमाण कमी करू नये, असे माझे म्हणणे आहे.

सोबत एक छोटी वही ठेवावी. तिच्यात त्या दिवशी पेनची रेघ बोटावर कुठे होती, ट्रिगरची पट्टी कोणत्या जागी होती, हवा दमट होती की कोरडी, आणि कोरड्या सरावात साईट कोणत्या बाजूला हलली, एवढेच लिहावे. गुण लिहिले नाहीत तरी चालतील.

जड ट्रिगरकडे जाताना

एअर पिस्तुलावर बोट स्थिर झाल्यावर काही जण २५ मीटरच्या प्रकाराकडे वळतात, ज्यात राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. तिथे पॉइंट टूटू, म्हणजे ५.६ मिलीमीटरची काडतुसे असतात, ट्रिगरचे वजन किमान १००० ग्रॅम असते, आणि त्या पिस्तुलाला शस्त्र परवान्याचा कायदा लागू होतो. मनू भाकर यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले आणि त्याच स्पर्धेत २५ मीटरमध्ये चौथे स्थान मिळवले. एकाच तर्जनीला काही दिवसांच्या अंतराने दुप्पट वजनाचा ट्रिगर हाताळावा लागतो, याचा विचार करावा. दुप्पट वजनासाठी बोट किंचित आत, मऊ भागाच्या मध्यापासून सांध्याच्या दिशेने थोडे सरकवावे लागू शकते. ट्रिगर दाबण्यातच घोडा, म्हणजे काडतुसावर आघात करणारा भाग, मागे नेणाऱ्या रिव्हॉल्व्हरवर तर पहिल्या सांध्याच्या रेघेचा आधार घेणेच योग्य असते, कारण तिथे काही किलोंचा दाब द्यायचा असतो आणि मऊ भागाला तो पेलत नाही. एअर पिस्तुलाची जागा तिथे जशीच्या तशी नेऊ नये, आणि तिथली जागा एअर पिस्तुलावर परत आणू नये; दोन्हींसाठी बोटावर दोन वेगळ्या रेघा असाव्यात.

नव्या पिस्तुलावर जागा पुन्हा पहिल्यापासून, कोऱ्या कागदासमोर शोधावी. मात्र पॉइंट टूटू पिस्तूल रिकामे असताना ट्रिगर तसाच सोडू नये. त्याची पिन काडतुसाच्या काठावर आदळण्यासाठी केलेली असते, आणि काडतूस नसले की ती थेट नळीच्या पोलादी कडेवर आदळून दोन्ही खराब करू शकते. त्यासाठी मिळणारे नकली प्लॅस्टिकचे काडतूस आत घालावे, आणि ते घालण्याआधी खऱ्या काडतुसांचा डबा टेबलावरून उचलून दुसऱ्या खोलीत ठेवावा.